हशा ओसरेपर्यंत

१२ जानेवारी

ती. वन्सं,

पाकीट फाडून फेकण्याआधी एवढं बघा, अक्षर माझं आहे, तुमच्या भावाचं नाही. त्याचं अक्षर हल्ली मुंगीएवढं होतं. ओळ ठीक सुरू करतो आणि कडेला पोचेपर्यंत शब्द बारीक होत होत दिसेनासे होतात. म्हणून मी लिहिते. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकला की तुम्ही ठेवून देता. पत्राचं तसं नाही. ते टेबलावर पडून राहतं. तुम्ही जन्मभर गणित शिकवलंत, न सोडवलेलं काही समोर पडलेलं तुम्हाला बघवत नाही, एवढं मला ठाऊक आहे.

नवऱ्याला 'तो' म्हणते म्हणूनही तुम्हाला राग येईल. येऊ दे. रागावलेलं माणूस निदान पुढचं वाचतं.

त्याला कंपवात झालाय. डॉक्टरांनी नाव सांगितलं तेव्हा हा म्हणाला, "पण माझे हात कुठं कापतायत? एक अंगठा तेवढा थरथरतो." डॉक्टर म्हणाले, सगळ्यांचे हात कापतातच असं नाही, काहींचं शरीर आखडत जातं. पावलं लहान होतात. चालता चालता पाय जमिनीला चिकटून बसतात. चेहरा हलेनासा होतो. आत राग, लोभ, विनोद सगळं शाबूत, पण बाहेर त्याचा पत्ता नाही. आणि हे वाढतच जातं.

आता पुढचं ऐका. सध्या आमच्या नाटकात तो यंत्रमानव आहे. 'जावईबापू चार्जिंगवर' असं नाव आहे नाटकाचं. तुम्ही नाक मुरडलंत ते मला इथून दिसलं. तीन स्थळं मोडलेली एक शिंपीण घरकामाला एक यंत्र विकत आणते, ते तिच्या प्रेमात पडतं, आणि तिची आत्या म्हणते, "ह्याला भूक नाही, ह्याला मित्र नाहीत, ह्याला आई नाही. अगं, असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही!" शिंपीण मी. तुमचा भाऊ अंगभर चंदेरी रंग फासून, ताठ मानेनं, पापणीही न लवता माझ्यामागे लुटूलुटू चालतो आणि लोक खुर्चीतून खाली पडायचे बाकी राहतात. परीक्षणात छापून आलं की असा देहाभिनय वीस वर्षांत पाहिला नाही. मंडळीत कुणाला काही माहीत नाही. त्यानं मला शपथ घातलीय.

चंदेरी रंगाखाली तो अभिनय करत नाही, वन्सं. तो नुसता चालतो.

एकदा पडला की संपलं, असं डॉक्टर म्हणतात. प्रयोग थांबवायला हवेत. मी सांगून थकले. तो माझं ऐकत नाही, बापाचं ऐकलं नाही, दिग्दर्शकाचं तर कुणीच ऐकत नाही. त्यानं जन्मात फक्त तुमचं ऐकलंय. आई गेल्यावर तुम्ही त्याला वाढवलंत. मामंजी गेले त्या संध्याकाळी प्रयोग संपवून तो आला, कानामागे रंग तसाच होता, आणि तुम्ही म्हणालात, "मला पुन्हा तोंड दाखवू नकोस." त्यानं नाही दाखवलं. बघा, कसा शहाण्यासारखा वागतो तुमच्या शब्दाबाहेर न जाता.

म्हणून मागणं एकच. त्याला एक ओळ लिहा. 'गुंड्या, पुरे आता.' बाकी काही नको. माझ्या नावाचा उल्लेखसुद्धा नको.

तुमची (तुम्ही मानत नसलात तरी) भावजय


२ फेब्रुवारी

ती. वन्सं,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, तरी पोस्टमन दिसला की मी आपली चहाचं आधण टाकून जिन्यात जाऊन उभी राहते.

तुम्हाला वाटत असेल, बाई खोटं बोलतेय. आजारी माणूस रंगमंचावर उभा कसा राहील? म्हणून आमच्या धंद्यातली गोष्ट सांगते.

विनोदी नाटकात सगळ्यात मोठा नियम हा की हशा आला की थांबायचं. हशा चढतो, माथ्यावर पोचतो आणि उतरायला लागतो. तो उतरेपर्यंत रंगमंचावर कुणी बोलायचं नाही, बोट हलवायचं नाही. मधेच हललात तर लोक हसायचे थांबतात आणि पुढचं वाक्यही वाया जातं. आमच्या दिग्दर्शकाला आम्ही टाचणी म्हणतो, अंगानं तसा आणि स्वभावानंही तसाच. तो तालमीत ओरडत असतो, "हशा ओसरेपर्यंत मेलात तरी चालेल, पण हलू नका!" इतकी वर्षं झाली, आता ते आमच्या हाडात गेलंय.

तुमच्या भावाला हा नियम देवासारखा पावला. तो मधेच थिजला की लोक हसतात, आणि लोक हसतात म्हणून आम्ही सगळेच थिजतो. कुणाला शंकाही येत नाही. मग मी पुढं होते, त्याच्या मानेमागे बटण असल्यासारखं बोट दाबते आणि खांद्यावर ताल धरते, टक टक, टक टक. डॉक्टरांनीच शिकवलंय, ठेका मिळाला की अडकलेला पाय सुटतो. तो सुटतो आणि चालू लागतो. लोकांना वाटतं, बाईनं यंत्र चालू केलं! टाळ्या. टाचणी खूश. मला म्हणाला, "बाई, हे बटणाचं तुम्ही कुठून काढलंत? कमाल आहे!" मी म्हटलं, सुचलं आपलं. जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्ट्याही मीच मारल्यात. पुढं रेघ दिसली की ती ओलांडायला त्याचं पाऊल उचलतं. प्रेक्षकांना ती शिंपिणीच्या दुकानातली नक्षी वाटते.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमची तर हाउसफुल आहे.

घरी कसं असतं तेही लिहिते. सकाळी सदऱ्याची बटणं लावायला त्याला इतका वेळ लागतो की मी मुद्दाम दुसऱ्या खोलीत जाते, नाहीतर माझे हात पुढं होतात आणि तो दुखावतो. दुखावलाय हे चेहऱ्यावरून कळत नाही, तो जेवत नाही त्यावरून कळतं. परवा मी भाजी करपवली आणि एक बारीकसा विनोद केला. त्यानं माझ्याकडे भिंतीकडे बघावं तसं बघितलं. मी भडकले. म्हटलं, "हसायला पैसे पडतात का?" बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "हसलो की." आत हसला होता तो. मला दिसलं नव्हतं.

नाटकातल्या त्या बाईला निदान माहीत असतं की समोर पत्रा आहे. मला माहीत आहे की समोर माणूस आहे, आणि तरी मी दिवसातून दहादा विसरते. राग येतो मला त्याचा. लिहिलं एकदाचं.

रविवारचा प्रयोग मात्र रंगला. बटण दाबल्यावर मी मुद्दाम जरा जास्त थांबले, आणि हशा पुन्हा वर गेला. असं क्वचित मिळतं. पण तो मुद्दा नाही. तुम्ही ती ओळ लिहा.

भावजय


१९ मार्च

वन्सं,

पडला.

दुसरा अंक संपतो तिथं यंत्र गुडघ्यावर बसून मला मागणी घालतं आणि वाक्य अर्धवट असतानाच त्याची बॅटरी जाते. तसाच थिजलेला तो, शेजारी चहाचा ट्रे घेऊन आत्या आणि हातात कात्री घेऊन मी. हशा, माझं एक वाक्य, आणि पडदा. असं ठरलेलं आहे.

शनिवारी तो गुडघ्यावर टेकताना थांबलाच नाही. फळी पडावी तसा सरळ तोंडावर आदळला. पडताना माणूस हात पुढं करतो ना, तेवढंही त्याच्या शरीरानं केलं नाही.

लोकांनी छप्पर डोक्यावर घेतलं. असा हशा मी आयुष्यात ऐकलेला नाही. आत्याचं काम करणारी ट्रे धरून तशीच उभी. आमचा झिपऱ्या, नाटकात सामान पोचवणाऱ्या माणसाचं काम करतो तो, विंगेत उभा होता, त्यानं एक पाऊल पुढं टाकलं आणि मागं घेतलं. कुणी हललं नाही, वन्सं. हशा चढत होता.

मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होते. त्याच्या नाकाखालून लाल ओघळ निघून पांढऱ्या पट्टीवर आला, तो मला दिसला. प्रेक्षकांना वरच्या दिव्यांत दिसत नव्हता. मला दिसला आणि मी थांबले. एकदा वाटलं, तो उठेल. एकदा वाटलं, आता हलले तर हशा मोडेल. हो, हेच वाटलं. तुम्ही माझ्याबद्दल जे काही वाईट म्हणत आला असाल त्यात हे घाला, माझी हरकत नाही. हशा ओसरला तेव्हा मी वाक्य घेतलं, "आत्या गं, ह्याची बॅटरी गेली!" आणि पुन्हा टाळ्या पडल्या. मग पडदा.

पडद्यामागं त्याला उताणा केला. नाकाचं हाड मोडलं होतं. रंगभूषा करणारे काका चंदेरी रंग पुसता पुसता रडत होते, रक्त आणि रंग एकत्र होऊन त्याचा राखाडी चिखल झाला होता. बाहेर लोक टाळ्या थांबवत नव्हते. त्यानं डोळे उघडून मला पहिली गोष्ट काय विचारली असेल? "वाक्य घेतलंस ना?"

आता सगळ्या मंडळीला कळलंय. टाचणी त्याच्या खाटेपाशी बसला आणि हमसून रडला. मला वाटलं होतं, त्याला रडता येत नाही.

तुम्ही या. ओळ नको आता, या.


८ एप्रिल

वन्सं,

तुमचं कार्ड मिळालं. 'पत्रे पोचली. तुमची नाटके रंगमंचावर ठेवा, मला त्यांत ओढू नका.' दोन वाक्यं, त्यात एक चूक नाही. शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवण्यासारखी आहेत.

म्हणजे तुम्हाला वाटतं, हे सगळं मी रचलं. तुमची आणि त्याची दिलजमाई व्हावी म्हणून रोग काढला, रक्त काढलं. तुम्हाला दोष तरी कसा देऊ? सोंगाड्यांच्या घरी खरं मेलं तरी शेजारी टाळ्या वाजवतात. कार्ड मी त्याला दाखवलेलं नाही.

तर आता इकडचं. टाचणीनं प्रयोग थांबवले नाहीत. सगळ्यांची पोटं त्यावर आहेत, माझंही. त्यानं झिपऱ्याला यंत्राच्या कामाला उभं केलं. झिपऱ्या तिशीचा आहे, मानेपर्यंत केस, अंगानं तुमच्या भावाएवढाच. तो पहिल्या दिवशी घरी आला आणि दारातच अडखळला. म्हणाला, "सर, मला नाही जमणार. तुमचं दुखणं शिकायचं म्हणजे... मला लाज वाटते."

तुमचा भाऊ खुर्चीत होता. त्याचा आवाज आता इतका खाली गेलाय की जवळ वाकावं लागतं. तो म्हणाला, "लाजतोस काय? सगळे नट चोरच. चोर."

मग रोज सकाळी शिकवणी. स्वयंपाकघराच्या दारापासून पलंगापर्यंत दोघं चालायचे, पुढं तुमचा भाऊ, मागं झिपऱ्या. पाऊल कसं घासायचं. वळताना अख्खं अंग कपाटासारखं कसं वळवायचं. अंगठा कसा, नाणं चोळत असल्यासारखा. "पापणी पाड. आता पाडू नकोस. डोळ्यात पाणी आलं तरी चालेल." झिपऱ्या हुशार आहे मेला. जे शिकवलं नाही तेही उचललं. तुमच्या भावाचा डावा खांदा जरा वर असतो ना? ते दुखण्याचं नाही, दप्तर एकाच खांद्यावर अडकवून जायचा म्हणून तुम्ही त्याच्यावर ओरडायचात म्हणे. झिपऱ्यानं तो खांदासुद्धा घेतला. एका सकाळी मी भाजी घेऊन आले आणि मला दोघांच्या पाठी दिसल्या. माझा नवरा कुठला हे मला क्षणभर कळलं नाही. पिशवी खाली ठेवली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

तुमच्या भावानं एकच अट घातली. पाटीवर आणि जाहिरातीत नाव त्याचंच राहू द्यायचं. टाचणीनं लगेच मान डोलावली, त्याच्या नावावर लोक येतात आणि चंदेरी रंगात कोण ओळखतंय? मीही हो म्हटलं. नाहीतरी त्याच्याकडे आणखी काय उरलंय?

प्रयोग हुबेहूब होतो. झिपऱ्या थिजतो, मी बटण दाबते, ताल धरते. तो माझ्याकडे बिनचेहऱ्यानं बघतो, आणि विंगेत गेला की तोच तोंडभर हसून विचारतो, "बाई, आज कसं झालं?" मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. तो रंग धुतो आणि पायऱ्या दोन दोन करत उतरतो. मी घरी येते. घरी जो आहे त्याचा रंग धुतला जात नाही. वन्सं, काही दिवस मला घरी जावंसं वाटत नाही. मी रिकाम्या नाट्यगृहात बसून राहते आणि झाडूवाली म्हणते, "उठा आता, पाय वर करा."

घास त्याच्या घशात अडकायला लागलाय. पाणीसुद्धा घट्ट करून द्यावं लागतं.

भावजय


२० मे

वन्सं, मागचं पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आलं. म्हणून आता उघडं कार्ड. तुम्ही नाही तर निदान पोस्टमन वाचेल. त्याची तब्येत फार खालावली. तुमचा माझ्या शब्दावर विश्वास नाही ना, मग ठेवू नका. या आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. जागा संपली.


१४ जून

ती. वन्सं,

हे पत्र पोस्टानं पाठवत नाही. घेऊन आलेला माणूस तुमच्या दारात उभा आहे. त्याला आत बसवा किंवा बसवू नका, पण पत्र पूर्ण वाचा.

तुमचं पत्र काल दुपारी आलं. माझ्या नावावर नाही, त्याच्या. पाकिटावर त्याचं नाव तुमच्या अक्षरात बघून मी जिन्यातून धावत वर आले. त्याला उशीला टेकवून बसवलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं.

तुम्ही लिहिलंय, 'गुंड्या, तुझी बायको कार्डावर म्हणाली, येऊन डोळ्यांनी बघा, म्हणून आले. जाहिरातीत तुझं नाव वाचलं आणि तिकीट काढून मागच्या रांगेत बसले. अंधारात बसलं म्हणजे कुणाशी बोलावं लागत नाही. सोंगात तुला ओळखणार नाही असं वाटलं होतं. पण तू आलास आणि तुझा डावा खांदा दिसला. तेवढा पुरला. मग शेवटी तू जो नाचलास, ते बघून माझा जीव भांड्यात पडला. आजारी माणूस असा नाचत नाही. तुझ्या बायकोनं मला उगाच घाबरवलं, तरी तिला रागावू नकोस, तिच्यामुळे आले. मी हसले रे. शेजारची बाई बघायला लागली इतकी हसले. बाबा गेले त्या दिवशीचं माझ्या मनात आता काही नाही. भेटायला आत आले नाही, डोळे सुजले होते आणि मला तसं कुणासमोर जायची सवय नाही. आता घाई नाही. नातीची परीक्षा झाली की सवडीनं येईन, तेव्हा चार दिवस राहीन.'

वन्सं, तो तो नव्हता.

परत आलेलं माझं पाकीट सोबत जोडलंय, न फोडता. त्यात सगळं आहे. तुम्ही पाहिलात तो आमचा झिपऱ्या. नाव तुमच्या भावाचं, खांदा तुमच्या भावाचा, चाल, अंगठा, डोळे सगळं त्याच्याकडून शिकलेलं. शेवटचा नाच तेवढा झिपऱ्याचा स्वतःचा, तुमचा भाऊ नाचायचा नाही, हल्ली तर नाहीच नाही. तुम्ही मागच्या रांगेत बसून हसत होतात तेव्हा तो इथं होता, नाट्यगृहापासून चालत येण्यासारख्या अंतरावर, ह्या खोलीत, शेजारीण त्याला चमच्यानं पेज भरवत होती. तुम्ही बाहेर पडून आमच्याच रस्त्यानं स्टँडवर गेला असाल. दुसरा रस्ताच नाही.

मी तुम्हाला 'डोळ्यांनी बघा' म्हटलं आणि तुम्ही बघितलंत. आता कुणावर रागावू ते मला कळत नाही. पाटीवरचं नाव राहू द्यायला हो मीच म्हटलं होतं.

पत्र वाचून झाल्यावर त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाकी चेहरा तसाच होता. मी हात धरून बसले. त्याचा शब्द यायला आता वेळ लागतो आणि थांबायला मी शिकलेय. त्यानं विचारलं, "ताई हसली?"

म्हटलं, "हो. शेजारची बाई बघायला लागली इतकी."

तो आयुष्यभर लोकांना हसवत आला पण तुम्हाला एकदाही हसवू शकला नाही, हे त्यानं मला लग्नाआधी सांगितलं होतं. तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं होतं. काल पुष्कळ वेळ गेला. मला वाटलं, झोपला. मग ओठ हलले. मी कान लावला.

"मग तो मीच होतो," म्हणाला. "राहू दे. सांगू नकोस तिला."

मी सांगतेय. तीस वर्षांत त्याचा शब्द मी पुष्कळदा मोडला, हा शेवटचा. घास श्वासनलिकेत जाऊन त्याची छाती दोनदा भरलीय. डॉक्टर महिन्याभरापूर्वी पुढच्या महिन्याचं बोलायचे, आता उद्याचंही बोलत नाहीत. तुमच्या नातीची परीक्षा होईपर्यंत तो राहणार नाही. काल तुम्हाला फोन केला, तुम्ही नेहमीप्रमाणे ठेवलात. माझ्या आवाजाचा तुम्हाला भरवसा नाही, पण डोळ्यांचा आहे. म्हणून ज्याला बघून तुम्ही हसलात त्यालाच तुमच्या डोळ्यांसमोर उभा केलाय. त्याला म्हणा, चालून दाखव. तो रडेल, सकाळपासून रडतोय, पण दाखवेल. आधी त्याची स्वतःची चाल बघा, मग तुमच्या भावाची बघा.

इथं आल्यावर एवढं करा. दारातून त्याचा चेहरा बघून मागं फिरू नका. तो तुमच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघेल. तुम्हाला वाटेल, अजून राग आहे, ओळख नाही, नाटक करतोय. त्यातलं काही नाही. तुम्ही जवळ बसा, त्याचा हात हातात घ्या आणि बोला. मग गप्प बसा आणि वाट बघा. कितीही वेळ लागला तरी उठू नका. आत तो सगळा आहे.

मंडळीची गाडी खाली उभी आहे, आजचा प्रयोग टाचणीनं रद्द केलाय. परीक्षा, कुलूप, दूध, सगळं शेजाऱ्यांना सांगा. चपला घाला आणि निघा.

तुमची भावजय